अवघड डोंगरावरची पहिली स्की-सहल: सोलापूरहून गुलमर्ग

गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे केबल कारचं, तिकीट काढताना तुम्हाला स्कीइंग येतं का, असं कोणी विचारत नाही. पैसे भरले की पाळणा दोन टप्प्यांत साधारण २,६५० मीटरवरून ३,९०० मीटरच्याही वर, अफरवट शिखराच्या खांद्यावर नेऊन सोडतो. सह्याद्रीतला गड माणसाची परीक्षा चढतानाच घेतो. ज्याला झेपत नाही तो निम्म्यातून परत फिरतो. इथे चढण पैशाने मिळते आणि परीक्षा उतरताना सुरू होते. म्हणून ही सहल आखताना सुरुवात उतरण्यापासून करायची. कुठून उतरणार, कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, आणि उतरता नाही आलं तर काय, हे ठरलं की तिकिटं, हॉटेल, कपडे या गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

आयुष्यात कधी बर्फावर उभं राहिलेलं नाही, पण व्हिडिओ बघून डोक्यात किडा शिरलाय, अशा सोलापूरकरांसाठी हे लिहितोय.

डोंगर कोणता निवडायचा

भारतात स्कीइंगसाठी मुख्य नावं तीन: उत्तराखंडातलं औली, मनालीजवळचं सोलंग आणि काश्मीरमधलं गुलमर्ग. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान आहेत. शिकायला उत्तम, आणि समोर नंदादेवी. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तिथला रोपवे बंद करावा लागला होता, त्यामुळे औली ठरवण्याआधी रस्ता आणि लिफ्ट दोन्हींची ताजी चौकशी करा. सोलंगचे उतार लहान आहेत आणि सुटीच्या दिवशी तिथे गर्दी फार. दोन दिवस चव घ्यायला ठीक.

गुलमर्गचं वेगळेपण असं की सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड एकाच गावात आहे. गोल्फ मैदानाच्या कडेचे उतार इतके सौम्य की लहान मुलंही तिथेच शिकतात. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत, म्हणजे ३,१०० मीटरच्या आसपास जातो. तिथून फर-पाइनच्या झाडांमधून गावात उतरणारी वाट मध्यम पातळीची आहे. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा मात्र थेट अफरवटवर नेतो, आणि जगभरातले स्कीअर गुलमर्गला येतात ते याच्यासाठी.

युरोपातल्या रिसॉर्टमध्ये उतारांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग दिलेले असतात आणि रात्री यंत्राने बर्फ दाबून सपाट केलेला असतो. अफरवटवर या रंगांची सवय फारशी कामाला येत नाही. तिथला बहुतेक भाग ऑफ-पिस्ट: दाबलेला नाही, पाट्या नाहीत, ताज्या बर्फात गुडघ्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत रुतायला होतं. परदेशात काळा उतार उतरून आलेल्याचीही इथे पहिल्या दिवशी त्रेधा उडते, कारण खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, वळण्याचं तंत्रच निराळं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: पहिल्या सहलीत दुसऱ्या टप्प्यावर जायचं ते बघायला. स्की खालीच ठेवा, वर जाऊन फोटो काढा आणि त्याच गोंडोलाने परत या. कोंगडोरीहून गावापर्यंत न घाबरता उतरता आलं तर पहिली सहल यशस्वी. अफरवट पुढच्या वर्षी. ज्यांचा खिसा परवानगी देतो त्यांनी मधल्या वर्षात कझाकस्तानात अल्माटीजवळचं शिम्बुलाक किंवा जॉर्जियातलं गुदौरी गाठावं. तिथे दाबलेले उतार भरपूर, त्यामुळे वळणं लवकर पक्की होतात, आणि मग गुलमर्गचा वरचा भाग खऱ्या अर्थाने खुला होतो.

तारखा: गड्डा उरकू द्या

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतं, चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, एकामागून एक येतात, बर्फ टाकून जातात आणि थर साठत जातो. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत साधारणपणे सगळ्यात चांगला थर मिळतो. सोलापूरकरांच्या हे पथ्यावरच पडतं. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर महाराजांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, असते. नंदीध्वज आणि अक्षता सोडून काश्मीरला जायचं म्हटलं तर घरात कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. यात्रा आटपून, २६ जानेवारीची गर्दी टाळून, फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा.

तरीही बर्फाची हमी कोणी देत नाही. जानेवारी २०२४ मध्ये महिनाभर गुलमर्गची कुरणं उघडी होती. खरा बर्फ महिन्याच्या अगदी शेवटी पडला. त्यामुळे तारीख बदलता येईल असंच हॉटेल घ्या, आणि निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोजचं हवामान बघत राहा. मार्चमध्ये दिवस मोठा आणि ऊन छान असतं, पण दुपारनंतर बर्फ ओला, जड होतो आणि सकाळी त्याचंच कडक कवच झालेलं असतं. नवख्याला दोन्ही नकोसं.

किती दिवस? दारापासून दारापर्यंत अकरा-बारा दिवस हाताशी असू द्या. त्यातले सात बर्फावर, आणि त्या सातातले दोन रिकामे. मोठा बर्फ पडला की दुसरा टप्पा बंद राहतो, कधी वाऱ्यामुळे पहिलाही. रोजचा कार्यक्रम घट्ट बांधून आलेला माणूस तिसऱ्या दिवशी चिडतो आणि चौथ्या दिवशी नको ते धाडस करतो.

“काश्मीर दर्शन” पॅकेजमध्ये स्कीइंग बसवायचा प्रयत्न करू नका. त्यात गुलमर्गला एक दिवस मिळतो: भाड्याचा ओव्हरकोट, गमबूट, स्लेज आणि परत श्रीनगर. कुटुंबाला घेऊन जायचं असेल तर ती सहल वेगळी काढा.

तीन महिने आधी: मांड्यांची तयारी

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, चहूकडे माळ. चढ-उताराचा सराव अंगात नसतो आणि स्कीइंगला नेमका उताराचाच सराव लागतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, आणि या कामाने तो सगळ्यात जास्त दुखतो. धावून दम वाढतो, पण हे काम सुधारत नाही.

तालमीतल्या बैठका इथे सोन्यासारख्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एक दिवसाआड बैठका सुरू करा, खाली जाताना मुद्दाम सावकाश. त्याच्या जोडीला भिंतीला पाठ टेकून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून थांबा. सुरुवातीला तीस सेकंद, हळूहळू दोन मिनिटांपर्यंत. एखाद्या उंच इमारतीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने पायी उतरा. वॉचमन विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. एका पायावर उभं राहून दात घासण्याचा व्यायाम हास्यास्पद वाटतो, पण घोट्याचा तोल त्याने सुधारतो. रविवारी तुळजापूर गाठा आणि घाटाचा रस्ता पायी चढून-उतरा. रोज कंबर तलावाला फेऱ्या मारत असाल तर त्या सुरू ठेवा, मात्र तेवढ्यावर भागत नाही.

गुडघ्याचं जुनं दुखणं, रक्तदाब, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. त्याच भेटीत उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दलही विचारा. ती गोळी प्रत्येकाला चालत नाही, त्यामुळे मित्राकडून घेऊन खायची नाही.

शिकवणारा आधी, हॉटेल नंतर

बहुतेक लोक उलटं करतात. हॉटेल बुक होतं, आणि इन्स्ट्रक्टर म्हणजे टॅक्सीतून उतरल्यावर समोर जो येईल तो. गुलमर्गला स्टँडवरच पाच-सहा जण घेरतात. त्यातले काही उत्तम असतात, काही फक्त स्लेज ओढणारे. गोंडोलात बसायला गाइड सक्तीचा आहे असं कोणी सांगितलं तर नम्रपणे पुढे चालू लागा.

वेळ असेल तर सरकारी संस्थांचा अभ्यासक्रम करणं सगळ्यात शहाणपणाचं. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग अँड विंटर स्पोर्ट्स, मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची संस्था. शिस्त कडक, राहणं साधं, आणि पैशाच्या मानाने शिकवणं खरोखर भरपूर. जागा लवकर भरतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास अर्जांवर लक्ष ठेवा.

तेवढी सुटी नसेल तर खासगी इन्स्ट्रक्टर फोनवर आधीच ठरवा. त्याला तीन प्रश्न विचारा: कोणतं प्रशिक्षण घेतलंय, एका वेळी किती जणांना शिकवता, आणि बूट-स्की तुमच्याकडून की दुकानातून. चारपेक्षा जास्त विद्यार्थी सांगितले तर दुसरा बघा. सलग चार दिवस एकच माणूस असावा. रोज नवा आला की रोज पहिला धडा.

सोलापूर ते टंगमर्ग

होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये विमानं सुरू झाली खरी, पण श्रीनगरला थेट काही नाही. सोयीचा मार्ग पुण्याहून किंवा मुंबईहून, बहुधा दिल्लीमार्गे, श्रीनगरचं विमान. पैसे वाचवायचे असतील तर कर्नाटक एक्सप्रेसने थेट नवी दिल्ली, आणि तिथून विमान. रेल्वेचेच भक्त असाल तर पुण्याहून किंवा दौंडहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, आणि पुढे कटरा-श्रीनगर वंदे भारत. जून २०२५ पासून ही गाडी चिनाबवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते. तेवढ्यासाठीसुद्धा एकदा त्या बाजूने जावं. जम्मू-श्रीनगर महामार्गावर मात्र भिस्त ठेवू नका. हिवाळ्यात रामबनच्या पट्ट्यात दरड किंवा बर्फ आला की तो बंद.

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. शेवटचे तेरा टंगमर्गपासूनच्या वळणांचे, आणि ताज्या बर्फात तिथे चाकांना साखळ्या बांधलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी लागते. श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याला आधीच विचारा: वरपर्यंत सोडणार की टंगमर्गला? नाही तर सामानासकट रस्त्यावर नवी घासाघीस.

मोबाइलचं एक महत्त्वाचं: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या, किमान गटातल्या दोघांचं. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कोणी परदेशातून आणून दिलं असेल तर ते घरीच ठेवा. परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे, आणि सीमाभागात तर त्यावरून अटकही होऊ शकते.

एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर घरचे पहिला प्रश्न सुरक्षेचाच विचारणार. त्यांना टाळू नका. सरकारी सूचना बघा, हॉटेलवाल्याशी बोला, आणि परिस्थिती ठीक नसेल तर तारीख पुढे ढकला. बदलता येणारं बुकिंग इथेही उपयोगी पडतं.

कपडे: सुताचं प्रेम घरी ठेवा

चादरी आणि टॉवेलच्या गावातल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण बर्फावर अंगालगत सुती कापड चालत नाही. सूत घाम शोषतं, ओलं राहतं, आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहिलात की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. बनियनसुद्धा सुती नको. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. एकच जाडजूड कोट घालून फिरणारा माणूस चढताना घामाघूम होतो आणि थांबल्यावर कुडकुडतो.

थर्मल आणि मोजे विकत घ्या, वरचं जॅकेट-पँट भाड्याने घेतलं तरी चालेल. पायात एकच लांब, पातळ लोकरी मोजा घालायचा. दोन घातले की बूट घट्ट होतो, रक्त कमी पोचतं आणि पाय उलट जास्त गारठतात. हातमोजे मात्र दोन जोड असू द्या, एक ओला होणारच. सोलापूरच्या उन्हात तावून निघालोय, आम्हाला काय ऊन लागणार, असं म्हणू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलासुद्धा सनस्क्रीन लावायचं. गॉगलशिवाय दिवसभर राहिलात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत जातो.

आपली चादर न्यायची तर खुशाल न्या, खोलीत पांघरायला. गुलमर्गच्या खोल्या थंड असतात, वीज जाते, बुखारी (खोली तापवायची शेगडी) रात्री विझते. कोळशाची शेगडी किंवा गॅसची बुखारी पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाऊच्या बाबतीत आपल्याइतकं तयार कोणी नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन आठवडे टिकते, थंडीत गोठत नाही आणि खिशात मावते. लिफ्टच्या रांगेत चॉकलेट खाणाऱ्यांना एकदा देऊन बघा. पाणी मात्र आठवणीने प्यावं लागतं, कारण थंडीत तहान कळत नाही.

पहिले चार दिवस

आदल्या दिवशी ४६० मीटरवर असलेलं शरीर २,६५० मीटरवर येऊन झोपतं. पहिल्या दिवशी डोकं जड वाटलं, झोप तुटक लागली तर घाबरू नका, पण त्या दिवशी स्कीही करू नका. सामान भाड्याने घ्या, गावात हिंडा. डोकेदुखीबरोबर मळमळ, उलट्या, तोल जाणं अशी लक्षणं दिसली तर औषधावर वेळ काढत बसायचं नाही, टंगमर्गला किंवा श्रीनगरला उतरायचं. दारू पहिले दोन दिवस अजिबात नको.

भाड्याच्या सामानात सगळ्यात महत्त्वाचा बूट. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकावीत, आणि गुडघे पुढे वाकवले की ती सुटावीत. टाच उचलली जात असेल तर एक नंबर लहान मागा. दुकानदार “चलेगा सर” म्हणेल. बूट घालून दहा मिनिटं दुकानातच फिरा. स्की हनुवटी ते नाकाच्या दरम्यान उंचीची घ्या. नंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर स्की पायातून सुटली नाही तर गुडघा पिळवटतो, आणि सारखी सुटत राहिली तर पडणं वाढतं. त्यामुळे तुमचं वजन, उंची, वय आणि अनुभव विचारून स्क्रू लावणारं दुकान निवडा. काही न विचारता स्की हातात देणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. हेल्मेट प्रत्येकाला, चर्चा नाही.

स्कीवरचा पहिला दिवस पडणं आणि उठणं शिकण्यात जातो. पडताना मागे बसू नका. मागे रेललेल्या अवस्थेत उठायची धडपड करताना गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटतो. पडतोय हे कळलं की बाजूला पडा आणि पूर्ण थांबेपर्यंत उठू नका. मग स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून ब्रेक मारायचा, म्हणजे स्नोप्लाउ. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यावर डावी-उजवी वळणं जमतात, आणि नेमकं तेव्हाच वर जायची घाई सुटते.

ती घाई एका धड्याने आवरा: साइड-स्लिप. स्की उताराला आडव्या ठेवून, कडा किंचित सैल करून, सरळ खाली घसरत येणं. दिसायला यात काही शान नाही, म्हणून इन्स्ट्रक्टर बहुतेकदा घाईत उरकतात. त्याला थांबवा आणि एक पूर्ण दुपार यावर घाला. अवघड डोंगरावर वळायला जागा नसेल, पाय थरथरत असतील, खाली बर्फाचं कवच असेल, तेव्हा साइड-स्लिप येणारा माणूस कुठूनही खाली येऊ शकतो. ज्याला ती येत नाही तो तिथेच अडकतो, आणि चार लोकांना त्याला खांद्यावरून आणावं लागतं. दोन्ही बाजूंनी जमली पाहिजे. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते.

चौथ्या दिवशी इन्स्ट्रक्टरबरोबर कोंगडोरीजवळच्या मेरी शोल्डरच्या चेअरलिफ्टवरून किंवा कोंगडोरीहून खाली. पुढे असलेल्या स्कीअरचा हक्क पहिला, हा जगभरचा नियम. त्याला टाळायची जबाबदारी मागून येणाऱ्याची. थांबायचं ते वाटेच्या कडेला आणि वरून दिसेल अशा जागी.

वरचा टप्पा: ज्यांना खरंच उतरायचंय त्यांच्यासाठी

दुसऱ्या-तिसऱ्या सहलीतल्यांसाठी आता अफरवट. माझी कसोटी अशी: कोंगडोरीहून गावापर्यंत दोन वेळा सलग, न पडता, आणि दुसऱ्या वेळीही मांड्यांत जीव शिल्लक. ज्याला हे जमतं त्याने स्थानिक गाइड घेऊन वर जावं. गाइडशिवाय जाण्यात काही मर्दुमकी नाही. वरच्या धारेपलीकडे नियंत्रण रेषा जवळ आहे, लष्कराच्या हद्दी आहेत, आणि ढग उतरले की आपण कुठल्या नाळेत शिरतोय हे कळत नाही.

गोंडोलाच्या खालचा मुख्य भाग स्की पॅट्रोल तपासतं आणि सुरक्षित वाटल्यावरच टप्पा उघडतं. दोऱ्या आणि पाट्यांपलीकडे गेलात की ती जबाबदारी तुमची. पहिल्या वेळी त्या मुख्य भागाबाहेर पडू नका. भाड्याची स्कीही वेगळी लागते: खोल बर्फात तरंगायला पायाखाली १०० मिलिमीटर किंवा जास्त रुंदीची. पुढे सवय झाली की झाडांमधून बाबा रेशींच्या जियारतीपर्यंत (दर्ग्यापर्यंत) किंवा थेट टंगमर्गपर्यंत उतरता येतं आणि टॅक्सीने परत यावं लागतं. गुलमर्गची खरी मजा माझ्या मते या झाडांतल्या वाटांत आहे, कारण ढगाळ दिवशीही खोडांमुळे उतार डोळ्यांना दिसतो. मात्र मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पोकळ खड्डा असतो; त्यात डोकं खाली जाऊन पडलेल्याला एकट्याने बाहेर येता येत नाही. म्हणून दोघांची जोडी, आणि जोडीदार कायम आवाजाच्या टप्प्यात.

हिमस्खलन

फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं आणि अनेक जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. बर्फाची सवय असलेली माणसंही यातून सुटत नाहीत. तेव्हा “आपण सावध राहू” एवढं पुरेसं नाही.

बर्फ थरांनी साठतो. जुन्या कमकुवत थरावर वाऱ्याने आणलेला जड थर बसला की तो एका फळीसारखा सुटतो, आणि माणूस हिमस्खलनात सापडतो तेव्हा बहुतेकदा ती फळी त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेली असते. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे. दुर्दैवाने स्कीइंगला सगळ्यात मजेदारही तेच. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास, जोराच्या वाऱ्यानंतरचे दिवस आणि अचानक तापमान वाढलेली दुपार, या वेळा सोडून द्या. पायाखाली “धप्प” असा दबका आवाज आला किंवा तडा पळताना दिसला तर तो उतार त्या दिवसापुरता संपला.

रोज सकाळी चहाच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या: संरक्षण खात्याच्या डीजीआरई संस्थेचा त्या जिल्ह्यासाठीचा इशारा काय, आणि स्की पॅट्रोलने काय उघडलंय. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, हे इशारा वाचताना लक्षात ठेवा.

मुख्य भागाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्या माणसाची जागा रेडिओ-लहरींनी दाखवणारं यंत्र), आणि पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी). तिन्ही हवेत; बीकनने जागा कळली तरी फावड्याशिवाय दगडासारखा घट्ट झालेला बर्फ हाताने निघत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर जगण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती वेगाने घसरते. श्रीनगरहून कोणी येईपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे बचाव पथक म्हणजे तुमचेच सोबती. गटातल्या एकालाच बीकन वापरता येत असेल आणि नेमका तोच गाडला गेला तर? म्हणून सराव सगळ्यांनी करायचा. बीकन विकत घेतलाच असेल तर डिसेंबरात, गड्ड्याचे पाळणे उभे राहायच्या आत, होम मैदानावर एक पिशवीत घालून लपवा आणि दुसऱ्याने शोधा. मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर. त्याच्या लहरींमुळे बीकन गोंधळतो. संशयास्पद उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून बघत राहायचं.

एअरबॅग (हिमस्खलनात फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी पाठपिशवी) नेणार असाल तर विमान कंपनीची गॅसच्या नळकांड्याबद्दलची लेखी परवानगी आधी घ्या.

विमा आणि पैसे

नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी साहसी खेळ वगळते का, हे वाचा. प्रवास विमा घेताना “स्कीइंग” आणि “ऑफ-पिस्ट” हे दोन्ही शब्द पॉलिसीत आहेत का, हे लेखी विचारा. फोनवरच्या “हो सर”ला दाव्याच्या वेळी किंमत नसते. रोख पैसे श्रीनगरलाच काढा. गोंडोलाची तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत साइटवरून काढा, आणि दुसऱ्या टप्प्याचं तिकीट हवामान बघूनच.

शेवटचा दिवस आणि परतीचा प्रवास

शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला गटातला कोणीतरी “अजून एक राउंड” म्हणतोच. मांड्या थकलेल्या, उजेड सपाट झालेला, बर्फ पुन्हा कडक व्हायला लागलेला. त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर स्की परत करून टाका, म्हणजे वादच उरत नाही. भाड्याचं सामान देताना काठांचे ओरखडे दुकानदाराबरोबर बसून बघा, पहिल्या दिवशी काढलेले फोटो हाताशी ठेवा.

संध्याकाळीच श्रीनगरला उतरा. विमानाच्या दिवशी पहाटे गुलमर्गहून निघण्याचा बेत ताज्या बर्फात हमखास फसतो. श्रीनगरची विमानं बर्फ आणि धुक्यामुळे अर्धा-अर्धा दिवस लटकतात, म्हणून दिल्लीहून सोलापूरचं रेल्वे आरक्षण विमानाच्या दुसऱ्या दिवसाचं ठेवा. विमान रद्दच झालं तर श्रीनगर-कटरा वंदे भारत हा पर्याय आहे, पण त्या दिवशी सगळेच तिकडे धावतात. तेव्हा विमानतळावर घोषणेची वाट बघत बसण्यापेक्षा एकाने रांगेत थांबावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर कटऱ्याचं तिकीट शोधावं.